केरबाची तिथी

१ जानेवारी १९७५, बुधवार. सातारा

काल निवृत्त झालो. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली. हार, नारळ, शाल आणि साहेबांचं भाषण झालं. भाषणात त्यांनी मला दोनदा 'अण्णासो' म्हटलं. माझं नाव आप्पासो. ही डायरी उंब्रजच्या खतवाल्यानं दिली. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्यांसाठी एक सूचना छापलेली आहे. आजची उसाच्या पाण्याबद्दल आहे.

सौ. म्हणाली, "आता घरात साखळी टाकून मोजत बसू नका." तसा विचार नाही. पण तारीखवार लिहायची सवय लागली आहे, ती कशाला मोडायची.

१५ जानेवारी, बुधवार. शिराळा

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन हरणाआत्याकडे आलो. ही माझी सख्खी आत्या नव्हे. माझे आजोबा गुंडा निकम आणि तिचे वडील केरबा निकम हे भाऊ. केरबा पहिल्या महायुद्धात गेले, तिची आई अठरा सालच्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेली, आणि आजोबांनी तिला आमच्याच घरात वाढवलं. बाराव्या वर्षी शिराळ्यात दिली. आता त्रेसष्टची आहे. फार वाळली आहे. तिचा मुलगा लालासाहेब मला ओसरीवर हळू आवाजात सांगत होता की पोटात गाठ आहे, मिरजेचे डॉक्टर म्हणतात आता चाकू लावण्यात अर्थ नाही. तेवढ्यात आतून आत्या म्हणाली, "मोठ्यानं बोल की. मला ठावं हाय."

मग मला आत बोलावलं आणि समोर बसवलं.

"आप्पा, माज्या बाची तिथी काढून दे."

केरबाआजोबांची तिथी घरात कुणालाच माहीत नाही. त्यांचा घास सर्वपित्री अमावस्येला पडतो, ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सगळ्यांबरोबर.

"बेवारशांच्या पंगतीत बसत्यात ते," आत्या म्हणाली. "एकदा तरी त्येंच्या सोताच्या दिसाला पान वाडू दे मला. तू मुलकाच्या जमिनी मोजल्यास. एका मानसाचा दिस तुला घावंना व्हय?"

मी म्हटलं, सरकारी कागद कुठं ना कुठं असतोच. भादव्यातल्या म्हाळापर्यंत काढून देतो.

"भादवा लांब हाय," ती म्हणाली.

वडलांचं काही आठवतं का, असं विचारलं. ते शेवटचे रजेवर आले तेव्हा ती तीन वर्षांची. म्हणाली, चेहरा आठवत नाही. मात्र त्यांच्या पलटणीतले एक धोंडिरामकाका दर नागपंचमीला तिच्याकडे यायचे. पंचमीला सासुरवाशिणीकडे माहेरचं माणूस येतं, तसे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू झालं. एक लुगडं आणायचे, ओसरीवर बसून गूळपाणी घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत परत निघायचे. आधी सांगलीच्या पेठेत हमाली करत, पुढं माधवनगरच्या गिरणीत लागले.

"पयल्याच साली मला म्हनले, पोरी, त्यो डावा कान मागनं बरा झाला का? ल्हानपनी टोचल्याला कान लय चिघळला हुता माजा."

पलटणीत माणसं एकमेकांशी घरचं बोलतात, त्यात नवल नाही. काकांचं नाव टिपून घेतलं. साक्षीदार म्हणून उपयोगी पडले असते, पण त्रेपन्न सालापासून ते आलेच नाहीत म्हणे. म्हातारं माणूस, एसटी झेपली नसेल.

२४ जानेवारी, शुक्रवार. कराड

दिवसभर जुन्या दप्तरात होतो. कारकून माझ्या ओळखीचा, त्यामुळे चहासुद्धा मिळाला.

आमच्या वाडीच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात केरबा निकम नाहीत. परदेशातला मृत्यू तिथे असायचं कारणही नाही. त्यांची बायको आहे: राहीबाई भ्रतार केरबा निकम, वय २४, ताप, १३ ऑक्टोबर १९१८. त्या पानावर आणखी एकोणीस नावं आहेत. पहिल्या चौघांपुढे 'ताप' असं लिहिलं आहे, पुढं लिहिणाऱ्यानं कंटाळून नुसत्या रेघा ओढल्या आहेत. राहीबाई पहिल्याच ओळीत आहे.

फेरफारात नोंद सापडली. 'केरबा बाळा निकम लढाईत मयत, सबब वारस भाऊ गुंडा बाळा निकम.' सर्व्हे नंबर ११२ पैकी तीन एकर बारा गुंठे. नोंदीची तारीख १९ जून १९१७. मयत कोणत्या दिवशी, ते लिहिलेलं नाही. बायको-मुलीचाही उल्लेख नाही. एकत्र कुटुंबात तशी पद्धत होती. नोंद स्वच्छ आहे, खाडाखोड नाही. अशा नोंदी बघितल्या की बरं वाटतं. याच तुकड्याच्या उत्पन्नावर माझे वडील मला साताऱ्याला शिकायला ठेवू शकले.

२५ जानेवारी, शनिवार

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं. नाव, बापाचं नाव, गाव लिहून 'मृत्यूची तारीख कळवावी' एवढंच मागितलं. जास्त लिहिलं की कारकून गोंधळतात.

९ फेब्रुवारी, रविवार. वाडी

चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. गावातून महायुद्धात ४७ माणसं गेली, त्यांपैकी ५ जणांनी प्राण दिले, असं तिच्यावर कोरलं आहे. लहानपणी आम्ही तिच्यावर कैऱ्या फोडायचो.

नानासो शेवाळे आता शहात्तरचे आहेत. त्या काळचं पाहिलेला एवढाच माणूस उरला आहे. पाच जणांची नावं त्यांना तोंडपाठ: येसू, बंडू, रामा, धोंडिराम आणि आमचे केरबा. धोंडिराम केरबांचा जोडीदार होता, पंधरा सालीच इराकात बसऱ्याजवळ लढाईत मेला. मी त्यांना म्हटलं, आत्याकडं यायचे ते काकाही धोंडिरामच. नानासो माझ्याकडं नुसते बघत राहिले. हे नाव काय एकाचंच असतं असं नाही.

केरबांचं ते असं सांगतात: सोळा सालच्या उन्हाळ्यात पलटणीतून पत्र आलं की केरबा बेपत्ता आहे. मेला असं पत्रात नव्हतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग त्याचा पुतळा करून जाळायचा, हा रिवाज. आमच्या घरानं एक वर्ष वाट बघितली. सतरा सालच्या वैशाखात पळसाच्या पानांचा आणि पिठाचा पुतळा केला, तारळी नदीच्या काठावर जाळला, दहावं-तेरावं घातलं. राहीबाईचं कुंकू पुसलं.

एवढी घाई का, म्हणून मी विचारलं.

"आता तुजा आजा न्हाई, त्येला कसं इचारनार?" नानासो म्हणाले.

पुतळा वैशाखात आणि फेरफार जूनमध्ये. त्या काळी कामं वेळच्या वेळी व्हायची.

पुढचं सांगताना त्यांनी आवाज उतरवला. अठराच्या नवरात्रात केरबांचं पत्र आलं. तुर्कांच्या कैदेत आहे, जिवंत आहे, पोरगीला सांभाळा. शाळामास्तरानं पत्र ओट्यावर मोठ्यानं वाचलं. राहीबाईनं त्याच दिवशी परत कुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी ती तापानं गेली, आणि त्या आठवड्यात वाडीत वीस मढी निघाली.

"मानमोडी साऱ्या मुलकात हुती, हे मागनं कळलं. पर गाव कुंकवाला भ्यालं. म्हनले, जाळल्याल्या मानसाचं पत्र आलं, त्येनं समद्यांला न्यालं. कुंकू लावलं ती पयली गेली, आता कुनी त्येचं नावबी काडू नगा."

म्हणजे केरबा ऑक्टोबर अठरापर्यंत तरी जिवंत होते. मृत्यू कैदेत झाला असला पाहिजे. नानासोंना विचारलं तर ते म्हणाले, "रेकॉर्डाचं उत्तर येऊ दे की आदी." आणि गोठ्यात गेले.

२ मार्च, रविवार

उत्तर नाही. सौ. नं माळ्यावरचे कागद आवरायला लावले.

१७ एप्रिल, गुरुवार

उत्तर आलं. जसं आहे तसं उतरवतो.

केरबा बाळा निकम. भरती १९११. एप्रिल १९१६ पासून बेपत्ता, तुर्कांच्या कैदेत. सुटका १९१८ च्या अखेरीस. मार्च १९१९ मध्ये प्रकृतीच्या कारणानं नोकरीतून मुक्त, पेन्शन मंजूर. पेन्शन १९५३ मध्ये बंद. शेवटचा पत्ता: माधवनगर, सांगलीजवळ. मृत्यूची तारीख या कार्यालयात उपलब्ध नाही.

दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून आणखी एकदा. म्हणजे त्रेपन्नपर्यंत ते जिवंत होते. त्रेपन्न साली मी छत्तीसचा होतो. एकावन्न-बावन्न साली मी मिरज भागात मोजणीला होतो. माधवनगरच्या हद्दीचे दगड मी स्वतः तपासले आहेत.

आत्याचे धोंडिरामकाकाही माधवनगरचेच. दोघं एका पलटणीतले, एका गावात राहणारे. मग काकांनी आत्याला एकदाही सांगू नये की तुझा बाप जिवंत आहे? फार विचित्र माणूस दिसतो. सापडला तर विचारणार आहे.

चावडीवरच्या पाटीचा आकडाही चुकीचा आहे. पाच नव्हे, चार. तसा अर्ज करायला हवा.

२० एप्रिल, रविवार. वाडी

पत्र नानासोंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी ते हातात घेऊन बघितलं.

"सरकारला ठावं हुतं मंजी," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं.

एकोणीस सालच्या चैत्रात केरबांनी उंब्रजला उतरून निरोप धाडला होता. आजोबा बैलगाडी जोडून गेले. सोबतीला नानासोंना घेतलं. केरबा पुलापाशी बसले होते, हातात ट्रंक, अंगात खाकी कोट, दाढी वाढलेली. आजोबा गाडीतून उतरले, पण भावाच्या जवळ गेले नाहीत. दहा हातांवरून बोलले. म्हणाले, तुझं तेरावं झालंय. तुझ्या पत्रानं वीस माणसं गेली असं गाव म्हणतंय, त्यात तुझी राही. तू आलास तर हरणीला कोण पदरात घेईल? जाळलेल्या माणसाची लेक म्हणून जन्मभर घरात बसेल.

"केरबा काय म्हणाले?"

"काय न्हाई. पोरीचा कान बरा हाय का, एवढंच इचारलं. तुजा आजा म्हनला, बरा न्हाई आजून. मंग केरबानं रामराम केला अन् कराडच्या वाटंनं चालाय लागला. माज्याकडं बघून म्हनला, नाना, तू मला बघितलं न्हाईस. पन्नासावर सा वर्सं झाली, मी बघितलं न्हाई."

थोड्या वेळानं त्यांनी एवढंच सांगितलं की परत येताना आजोबांनी बैलांना फार मारलं. सबंध वाटभर. घरी आल्यावर बैलांच्या पाठी नानासोंनीच धुतल्या.

बैलांचा यात काय दोष होता, कळत नाही.

४ मे, रविवार

पंधरा दिवसांत काही केलं नाही. माधवनगरला जायला सकाळची एक एसटी आहे, दुपारची एक आहे. रोज काहीतरी निघतं.

खरं कारण लिहून टाकतो, डायरी कुणी वाचणार नाही. आजोबांनी मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली आहे. आत्याही त्यांना 'गुंडाबा' म्हणून देवासारखं मानते. आता मी तिला जाऊन काय सांगू? की तुझा बाप मेला नव्हता, त्याला घालवला? आणि ती तीन एकर बारा गुंठे जमीन पुतळा जाळल्यावर महिन्याभरात नावावर झाली? भावाला वाटेतून परत पाठवलं ते पोरीच्या भल्यासाठी की जमिनीसाठी, हे कुठल्या दप्तरात सापडणार? दोन्ही असेल.

सौ. म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या बांधावर ठणकावून सांगत होता, दगड इथंच होता म्हणून. आता घरचा दगड निघाला तर तुमचा पाय दुखतोय."

मी जेवलो नाही. ती मात्र व्यवस्थित जेवली.

३० जून, सोमवार

लालासाहेबाचं कार्ड. 'आईचं अन्न सुटत आले आहे. रोज विचारते, आप्पाचे काम कुठवर आले. मी काय सांगू ते कळवावे.'

चार दिवसांपूर्वी आणीबाणी लागली. पेपरात सगळं जागच्या जागी आहे असं छापलंय. शनिवारी जायचं ठरवलं.

५ जुलै, शनिवार. माधवनगर

नऊला उतरलो. गिरणीच्या फाटकावर धोंडिराम नावाच्या जुन्या माणसाची चौकशी केली. दोन धोंडिराम निघाले. एक चाळिशीचा, दुसरा कधी पलटणीत नव्हता. मग केरबा निकम विचारलं. पहारेकरी म्हणाला, चाळीत चंद्राबाईंना विचारा, त्यांची खानावळ होती, जुन्या कामगारांचं त्यांना सगळं माहीत.

चंद्राबाई सत्तरीच्या. दारात तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"निकम मंजी त्येंच्यातलेच का तुमी? यवढी सालं कुटं हुता?"

मग त्यांनीच सांगितलं. केरबा अठरा-एकोणीस वर्षं त्यांच्याकडं जेवायला होते. कमी बोलायचे. दुसरं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, मेलेल्या माणसाला कोण मुलगी देतंय. लोक थट्टा समजून हसायचे.

मी विचारलं, इथं पलटणीतले आणखी कुणी होते का, धोंडिराम नावाचे?

"पलटनीतलं येकटं तेच. दुसरं कुनी न्हाई." मग म्हणाल्या, "वर्सात येकच दिस रजा घ्यायचे. पंचमीला. शिराळ्याला बहीन हाय म्हनायचे, तिला लुगडं घिऊन जायाचे. आदल्या दिशी दाढी करायचे, कोट धुवून घालायचे. बहिनीचं नाव कवा सांगितलं न्हाई."

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसलो. जमिनीत दगड सापडला नाही तर तीन बाजूंनी माप टाकायचं आणि जिथं रेघा मिळतात तिथं खणायचं, हे मी चौतीस वर्षं पोरांना शिकवलं. डावा कान, माधवनगर, पंचमी. तिन्ही मापं जानेवारीपासून माझ्या वहीत होती. मला लाज वाटली.

मी म्हटलं, "बहीण नव्हती. मुलगी."

चंद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. मग उठून आत गेल्या आणि ट्रंकेतून कागदात बांधलेलं एक पुडकं घेऊन आल्या. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि हिरवं नऊवारी लुगडं. घडी मोडलेली नव्हती.

"त्या साली पंचमीच्या आदीच गेले. छातीत कळ आली, सकाळीच. लुगडं आनून ठिवलं हुतं. दोनदा दुकानात जाऊन बदलून आनलं, म्हनले हिरवंच पायजे. आता पत्ता न्हाई, नाव न्हाई, कुनाला द्यायचं? इकायचं तर मन झालं न्हाई. बावीस सालं पाला बदलत आली."

दुपारी ग्रामपंचायतीत रजिस्टर पाहिलं. केरबा बाळा निकम, वय ६२, गिरणी कामगार, विधुर. मृत्यू २९ जुलै १९५३. वारसाच्या रकान्यात 'कोणी नाही'.

७ जुलै, सोमवार. सातारा

वाचनालयात जुनी पंचांगं आहेत. शके १८७५. २९ जुलै, बुधवार, आषाढ वद्य तृतीया. यंदा ती २६ तारखेला, शनिवारी येते.

तिथी सापडली. काम संपलं असं म्हणता येईल.

१३ जुलै, रविवार

तिला काय सांगायचं, यावर आठवडा गेला. तीन मार्ग दिसतात. सगळं सांगायचं. किंवा काहीच न सांगता 'सापडली नाही' म्हणायचं. किंवा तिथी खरी द्यायची आणि साल खोटं सांगायचं: पलटणीच्या कागदात निघाली, सोळा सालची आहे म्हणून.

आयुष्यात मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. एकदा आमदाराच्या मेव्हण्याच्या बांधासाठी माझी बदली झाली, तरी नाही. पण तिसरा मार्ग बरा वाटतो. मरणाऱ्या बाईला कशाला कळायला हवं की बाप अठ्ठावीस पंचम्या समोर बसून गेला आणि आपण त्याला काका म्हटलं. लुगडं दाखवायचं नाही. सौ. ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या आजोबांनी पण असंच ठरवलं असेल. तिच्या भल्यासाठी."

लुगडं मात्र पिशवीत ठेवलं आहे. का, ते माहीत नाही.

२६ जुलै, शनिवार. शिराळा

कालच आलो. आत्या खाटेवर आहे, उठवत नाही, पण शुद्ध पक्की आहे. लालासाहेबाच्या बायकोनं सकाळी तिच्या सांगण्याप्रमाणं सगळं केलं: भात, वरण, आळूची भाजी, खीर, वडे. पान माझ्या हातून ठेवलं. आत्याची खाट दाराशी ओढली होती, तिथून ती बघत होती. पान ठेवताना तिनं हात जोडले.

सगळं आटोपल्यावर घरातली माणसं जेवायला बसली आणि ती मला म्हणाली, "हितं बस." मी बसलो. पाठ केलेलं बोललो. पलटणीचं पत्र, कैद, आषाढ वद्य तृतीया. सालापाशी येऊन अडखळलो.

तिनं साल विचारलंच नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"वद्य तृतीया. मंजी पंचमीला सोळा-सतरा दिस हुते," ती म्हणाली. "निगायच्या तयारीतच आसतील मंग. मला वाटायचं, माजं काय चुकलं म्हनून आलं न्हाईत त्या साली."

मी विचारलं, "आत्या, तुला कधीपासून माहीत होतं?"

"कान इचारला तवापासनं."

"मग बोलली का नाहीस? एकदा तरी बा म्हणायचंस."

"बा म्हनलं आसतं तर परत आलं नसतं. काका म्हनून येत हुते, येत हुते." तिनं थोडा दम घेतला. "त्येंनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. आमचं बरं चाललं हुतं. कुटं मेले, कसं मेले, ते मला कोन सांगनार? काकाची चौकशी कराय मी कोन? म्हनून तुला बाची तिथी काड म्हनलं. तू हुशार हायस, काडशील ठावं हुतं."

आजोबांबद्दल मी काही बोलायला गेलो. माफी मागायची होती. तिनं हात हलवला. "गुंडाबानं मला वाडवलं. त्येचं त्येच्यापाशी." आणि मग माझ्या मागं भिंतीला टेकलेल्या पिशवीकडं बघत म्हणाली, "त्या सालचं लुगडं कुटं हाय?"

मी पिशवी उघडली. कागद सोडवला, पाला झटकला आणि घडी तिच्या हातात दिली. तिला नीट दिसत नाही. दाराच्या उजेडाकडं धरून बघितलं, मग बोटांनी काठ चाचपला.

"हिरवं हाय का रं?"

"हिरवं आहे."

"आदल्या साली मीच म्हनलं हुतं. सारखं निळं आनता, पुढच्या पंचमीला हिरवं आना."

आत्याचे मालक जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती हिरव्या रंगाला शिवत नाही. तिनं घडी माझ्याकडं परत दिली. मला वाटलं ठेवून दे म्हणतेय, म्हणून मी ती कागदात गुंडाळू लागलो.

"गुंडाळतोस काय? नेसायचं न्हाई मला आता. पांघराय चालतंय."

मी घडी मोडली आणि नऊ वारांचं ते हिरवं लुगडं दुहेरी करून तिच्या अंगावर घातलं. तिनं ते हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.